वानखेडे काकांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह

वानखेडे काकांचा लॅपटॉप बिघडलाच नव्हता.

तरी तो फॉरमॅट केला. काका जाऊन आठवडाही झाला नव्हता.

काका पुण्यात मांजरी भागातल्या आमच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावर. मूळचे वर्ध्याकडचे. कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी बसवलं, तेव्हा ऐन पन्नाशीत या माणसाने लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, शिकायला घेतलं. एकट्याने, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

मग दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्हा पोरापोरींचे आजारी लॅपटॉप. फी काही नाही. नियम एकच.

"स्क्रीनवर जे लिवलं हाये तेवढंच वाच. तुझं मत मले नको."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट डेमोच्या दिवशीच सकाळी माझा लॅपटॉप सुरू होईना. आदल्या दिवशी मीच त्यात लिनक्स टाकलं होतं, मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवरून. पेन ड्राइव्ह घेऊन ती घरी गेली होती.

मी रडत खाली.

"काका, सगळं गेलं!"

"असं लिवलं हाये काय तिथं?"

लिहिलं होतं, नो बूटेबल डिव्हाइस.

काकांनी स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. प्रोजेक्ट जागच्या जागी. फक्त बूटलोडर, म्हणजे मशीन चालू केल्यावर सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, मी न वाचता एंटर मारत मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवर टाकला होता.

"घर शाबूत हाये, पोरी. किल्ली तेवढी मैत्रिणीच्या पर्समधी गेली."

थोड्या वेळात त्यांनी बूटलोडर लॅपटॉपच्या डिस्कवर बसवून दिला. डेमो झाला. मी पास झाले, नोकरीला लागले.

आणि माझी चूक काकांना इतकी आवडली, की त्यांनी ती स्वतःच्या लॅपटॉपला मुद्दाम केली. बूटलोडर पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. त्यांचा पुतण्या आला की त्या लॅपटॉपवर गेम खेळत बसायचा.

"आता पुतण्यानं यात गेम खेळून दाखवावा!"

त्या लॅपटॉपमध्ये 'अडचणी' नावाचं एक फोल्डर होतं. आम्हा प्रत्येकाचा बिघाड, नावासकट, आणि तो कसा काढला ते साध्या मराठीत. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचं अडू नये, एवढाच त्यांचा हट्ट. वर्षानुवर्षं लिहीत होते.

काकूंना त्याचं पुस्तक छापून पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या स्मृतिविधीच्या, दिवशी वाटायचं होतं.

म्हणून पुतण्या लॅपटॉप घेऊन बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेला. दुकानदाराने 'नो बूटेबल डिव्हाइस' ही एकच ओळ पाहिली आणि निकाल दिला, "डिस्क गेलीये. विंडोज टाकून देतो."

अहो, गुरांचा डॉक्टरसुद्धा आधी जनावराला हात लावतो!

आणि पुतण्या हो म्हणाला. निदान लॅपटॉप तरी वापरात येईल, म्हणे. आला ना. आता खेळ गेम.

पुसलेल्या फायलींची रिकव्हरी मी नंतर करून पाहिली. तुटकी वाक्यं आली, ती कुणाची हेही कळत नाही.

पण खरा राग वेगळ्याच माणसावर आहे.

दुकानात जायच्या आधी पुतण्याने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, "काकांचा लॅपटॉप सुरू होत नाहीये. कुणाला काही माहितेय का?"

मी हिंजवडीत ऑफिसच्या कॉलवर होते. मेसेज वाचला. कॉल संपला की सांगू म्हटलं.

कॉल संपला, दुसरा सुरू झाला. मग विसरले.

एक ओळ लिहायची होती हो. "जुडग्यातला पेन ड्राइव्ह लावा." बस्स.

आज पुण्यानुमोदन झालं. लोक गेल्यावर काकूंनी जुडगा माझ्यापुढे धरला.

"हे कायचं हाये गं? नेहमी सोबत ठेवायचे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

काकूंनी जुडगा परत स्वतःकडे घेतला.

"म्हणजे तुले माहीत होतं?"

काका, फोनच्या स्क्रीनवर जे लिहिलं होतं ते मी वाचलं होतं.

माफी मागायला तोंड नाही.

जय भीम, काका. विनम्र अभिवादन.