ओट्याला लावून पाहिलेली गाडी

आईच्या खुब्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी एक नियम घालून दिला. गुडघा कमरेच्या वर जाईल अशा कुठल्याही जागी बसायचं नाही. आई जन्मभर जमिनीवर बसून भाजी निवडलेली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग रिक्षात कसं बसायचं?” डॉक्टर म्हणाले, रिक्षात बसायचंच नाही. एसटीच्या पायऱ्या तर त्यांनी ती विचारायच्या आतच रद्द करून टाकल्या. मुरूडजवळच्या आमच्या गावातून बाहेर पडायचे एवढे दोनच मार्ग तिला माहीत होते.

दुसरा नियम आईने स्वतः केला. हॉस्पिटलात तिला स्ट्रेचरवरून खाटेवर ठेवताना वॉर्डबॉय “एक, दोन, तीन” म्हणाले होते. भाताचं पोतं उचलतानासुद्धा माणसं एवढं मोजत नाहीत, असं तिचं म्हणणं. घरी आल्या आल्या तिने आम्हा सगळ्यांना ऐकवलं, “आता ह्याच्यापुढं मला कोणी उचलायचं न्हाय. मेल्यावर काय ते उचला.” तिने आवाजसुद्धा चढवला नाही, म्हणजे विषय संपला.

राहिली मावशी. आईची थोरली बहीण, तळा शहराच्या अलीकडे एका गावात राहते. तिची नजर पार गेलेली आणि थंडीपासून तिने अंथरूण धरलेलं. दोघी रोज फोन स्पीकरवर टाकून बोलायच्या. दोघींनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे दोघी एकाच वेळी बोलत आणि एकाच वेळी फोन ठेवत. कोण काय म्हणालं हे दोघींनाही कळत नसे. पण मावशीचं शेवटचं वाक्य मला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचं. “ये गं एकदा. माझं काय आता खरं न्हाय.” फोन ठेवल्यावर आई वॉकर घेऊन ओट्यावर जायची आणि रस्त्याकडे बघत उभी राहायची. ते मला बघवत नसे. म्हणून गाडी घ्यायची ठरली.

छोट्या गाडीत बसलं की आईचे गुडघे पोटाशी येत, म्हणून मोठी, उंच गाडी हवी. मी माध्यमिक शाळेत शिकवतो, बायको पंचायत समितीत आहे, म्हणून वापरलेली हवी. एवढं ठरवून आम्ही माणगावच्या एका एजंटाला गाठलं. तो बघितलेल्या प्रत्येक गाडीबद्दल सांगायचा, “सर, सिंगल ओनर हाय. डॉक्टरची गाडी.” रायगड जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. जिल्ह्यात खरंच इतके डॉक्टर असते तर आईच्या ऑपरेशनसाठी मुंबई गाठावी लागली नसती.

आमच्या किनाऱ्यावरची गाडी वरून बघण्यात अर्थ नसतो, खारं वारं तिला खालून खातं. एका गाडीखाली मी मोबाइलचा टॉर्च मारून वाकलो आणि पत्र्याला बोट लावलं, तर बोट आत गेलं. मालक म्हणाला, “दाबू नका ना, सर.” दुसऱ्या गाडीत सुक्या बोंबलाचा वास होता. मालकाने विचारलं, कसला वास? तो खरंच विचारत होता, त्याला येत नव्हता. तिसरी पनवेलकडून आली होती. तिला निळे दिवे होते आणि रिव्हर्स टाकली की ती गाणं म्हणायची. बायको प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसायची, खिडकी वरखाली करायची आणि उतरून म्हणायची, “नाही.” कारण विचारलं की माझ्याकडे बघायची.

पण खरी परीक्षा आमच्या ओट्याशी होती. आमच्याकडे भाताची पोती टेम्पोत चढवायची तर टेम्पो ओट्याला लावतात. माणूस ओट्यावरून सरळ आत जातो, चढ-उतार नाही. आमचा ओटा गुडघाभर उंच. मी हिशेब केला, गाडी ओट्याला लावायची, दार ओट्यावरून उघडायचं, आई वॉकर घेऊन कडेपर्यंत येणार, पाठ फिरवणार आणि खुर्चीत बसावं तशी सीटवर बसणार. कोणी तिला हात लावायची गरज नाही. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती स्टाफरूममध्ये दोनदा सांगितली.

मग मी एजंटाला गाड्या घरीच आणायला लावल्या. तो आला की मी इंजिन नंतर बघायचो, आधी म्हणायचो, “ओट्याला लावा.” दोन गाड्यांची दारं ओट्याला घासली, त्या परत गेल्या. एका गाडीची सीट आईला उंच पडली, तीही गेली. एजंट कंटाळला. “सर, तुमी गाडी घेतायसा का ओट्याचं जोतं?” पण शेवटी एक पांढरी गाडी आली. तिचं दार ओट्यावरून अलगद उघडलं. आई कडेपर्यंत आली, पाठ फिरवली आणि बसली. मग एकेक पाय आत घेतला. पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाली, “बरी हाय.” बायकोही शेजारी बसली, खिडकी वरखाली केली आणि उतरल्यावर “नाही” म्हणाली नाही. हीसुद्धा डॉक्टरांचीच गाडी होती. आम्ही ती घेतली.

पुढच्या रविवारी निघालो. आईने चांगली इस्त्रीची साडी नेसली होती. मांडीवर मावशीसाठी नारळाच्या वड्यांचा डबा होता आणि तो तिने कोणाला धरू दिला नाही. खाडीला वळसा घालून गाडी वर चढायला लागली तशी ती बोलायला लागली. हा कोणाचा बांध, ह्या वळणावर कोणाची बैलगाडी उलटली होती, ह्या शाळेत थोरली चौथीपर्यंत शिकली आणि तिला का काढली. ऑपरेशननंतर ती एवढं पहिल्यांदाच बोलत होती. मी गाडी मुद्दाम सावकाश चालवली. मी त्या दिवशी सुखात होतो, हे इथे सांगून टाकतो.

मावशीच्या अंगणात गाडी उभी केली. मावसभाऊ “जयभीम, जयभीम” करत धावत आला. मी उतरलो, मागे जाऊन आईचं दार उघडलं आणि तिथेच थबकलो.

मावशीचं घर नवं होतं. सपाट अंगण, सपाट फरशी, दाराला चार बोटांचा उंबरा. ओटा नव्हता.

मी गाडीचं इंजिन बघितलं होतं, पत्रा बघितला होता, कागद बघितले होते. आई गाडीत कशी चढेल हे तर इतक्या वेळा बघितलं होतं की एजंट माझ्या नावाने आजही बोटं मोडत असेल. ती उतरणार कुठे, हे घरात एकालाही सुचलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी मी कारण विचारलं नाही.

आईने खाली बघितलं. वॉकर जमिनीवर उभा होता आणि तिचे पाय जमिनीपासून बरेच वर. मावसभावाने दोन चिरे आणून एकावर एक रचले. आईने त्यावर पाय टेकला, वरचा चिरा डुगडुगला, तिने पाय वर घेतला. मग टेबल आलं, ते फारच उंच निघालं. शेजारपाजारची माणसं गोळा झाली आणि प्रत्येकाला काहीतरी सुचायला लागलं. एकाने रस्त्याच्या कामावरचा जेसीबी आणूया म्हटलं. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो घरी गेला. मावसभाऊ म्हणाला, “मावशे, मी घेतो की उचलून.” आई म्हणाली, “न्हाय.” मग म्हणाली, “चला मागारी.” डबा तिने त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात आतून मावशीचा मोठा आवाज आला. “आली का गं?”

आईने घराच्या दाराकडे बघितलं.

“आली का? गाडी आली म्हणतात न्हवं?”

आईने ओठ घट्ट मिटून घेतले. आतून खाट करकरली. मग मावसभावाच्या बायकोचा आवाज आला, “अवो, उठू नका! पडाल ना! आत्या, पाय खाली नका सोडू!” पुन्हा खाट करकरली. बहीण येत नाही म्हटल्यावर मावशी स्वतःच निघाली होती.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “उचल.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“उचल म्हणते ना. ती पडंल.”

बायको माझ्याआधी भानावर आली. ती गोळा झालेल्या माणसांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “अहो, गाडी बघा ना जरा. पुढचे टायर बरोबर आहेत का? आम्हाला काही कळत नाही त्यातलं.” टायरबद्दल विचारलं तर आमच्याकडचा माणूस नाही म्हणत नाही. सगळे पुढच्या बाजूला गेले आणि वाकून टायर बघायला लागले. बायकासुद्धा गेल्या. सगळ्यांनी आमच्याकडे पाठ केली.

मी एक हात आईच्या पाठीमागे घातला, एक मांड्यांखाली. गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. तिने माझ्या मानेला हात घातले आणि चेहरा माझ्या खांद्यात लपवला. ती हलकी होती. आई इतकी हलकी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मी मोजलं नाही. उंबरा पार करताना ती कानाशी म्हणाली, “सांभाळ, डोकं आपटंल तुझं.”

आत मावशीला सुनेने खाटेवर धरून ठेवलं होतं. मी आईला शेजारी बसवलं आणि मागे सरलो. मावशीने हात पुढे करून चाचपलं. आईचा खांदा, मग गाल, मग कान. कानातली कुडी हाताला लागल्यावर तिची खात्री पटली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. आईचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. मीही माझे पुसले नाहीत.

मग मावशीने विचारलं, “तुझा पाय कसा हाय? आत कशी आलीस?”

आई तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “चालत आले.”

मावशी हसली. मग मान माझ्या दिशेने वळवून तिने मला विचारलं, “व्हय रे?”

माझी धाप अजून बसली नव्हती. मी ती गिळली आणि म्हणालो, “व्हय, मावशी. चालत आली.”