अठरा मिलिमीटर

त्या उन्हाळ्यात करमाडच्या आमच्या माळावर कडुलिंबाला एक केबिन टांगलेली होती. कुठल्याशा पिकअपची, मागून चेपून भंगारात गेलेल्या गाडीची. पण केबिन मात्र धड. दारं आणि काचा काढलेल्या. वारा सुटला की ती साखळीवर सावकाश फिरायची. आधी तिचं तोंड जालना रोडकडे, मग टेकडीकडे, मग आमच्या दोन खोल्यांकडे. खाली विटांच्या चार खांबांवर अण्णांच्या जुन्या जीपची नुसती चेसी उभी होती, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. दुपारी मी तिथंच गोणपाट टाकून आडवी व्हायचे. टांगलेल्या वजनाखाली थांबू नये, अशी पाटी आमच्या कंपनीत पावलोपावली लावलेली आहे, म्हणून मी जराशी बाजूला सरकून झोपायचे. पानांतून उन्हाचे कवडसे पांढऱ्या पत्र्यावर हलायचे आणि बघता बघता मला वाटायला लागायचं की केबिन जागेवरच आहे, माळच तिच्याभोवती फिरतोय.

मी बजाजनगरला राहते आणि वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर लोखंडाचे भाग मोजायचे. मापात बसले तर पास, नाहीतर परत. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी अख्खा लॉट परत पाठवलेला आहे. माझ्यामागे लोक मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. घरीदारी मी तशीच आहे. खोटं मला खपत नाही. सख्ख्या भावाशी एका फालतू थापेवरून मी वर्षभर बोलले नव्हते, आणि त्याचा मला फारसा पश्चात्तापही नाही.

हा खाक्या मी अण्णांकडून घेतला, असं मी अभिमानाने सांगत असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. पैठणला धरणाजवळच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. साहेबांना कालव्याच्या कडेकडेने फिरवायचं हे त्यांचं काम, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी हीच फोर बाय फोर जीप चालवली. पुढे खात्याने ती मोडीत काढली तेव्हा लिलावात त्यांनीच घेतली. निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळाबरोबर एक प्रमाणपत्र मिळालं: सेवाकाळात एकही अपघात नाही. ते भिंतीवर फ्रेममध्ये आहे. आल्यागेल्याला चहाबरोबर अण्णांचं वाक्य ठरलेलं. "तीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, गाडीला वरखाडा नाय." माझं सगळं लहानपण त्या वाक्यावर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

जीपचा पत्रा आता पार कुजला होता. बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसायचा. पण चेसी आणि इंजिन ठणठणीत. नाल्यापलीकडे टेकडीच्या अंगाला मी सीताफळाची रोपं लावली आहेत, तिथं पाणी न्यायला साध्या गाडीचं काम नव्हतं. तेव्हा डोक्यात आलं की जुन्या चेसीवर या पिकअपची केबिन बसवावी, मागे आखूड हौदा, मोठी चाकं, आणि पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, उंच करून घ्यावेत. रस्त्यावर आणायची तर अशा बदलाला परवानगी लागते. तो अर्ज अजून टेबलाटेबलांवरून हिंडतो आहे, त्यामुळे गाडी आमच्याच माळावर चालते. पण खरं सांगायचं तर सीताफळं हे निमित्त होतं. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजून मोजून मला स्वतःला काहीतरी करून बघायचं होतं.

मग रविवारामागून रविवार गेले. आता ते सगळे मिळून मला एकच लांबलचक दुपार वाटतात. शहरातले एक म्हातारे मिस्त्री यायचे, मोजकं बोलायचे, वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून तासन्‌तास बसायचे. माय सकाळी विहारात जाऊन आली की चुलीवर भाकऱ्या टाकायची. जीपची पुढची सीट काढून आम्ही सावलीत ठेवली होती. अण्णा तिच्यावर बसून आम्हाला सूचना द्यायचे आणि सूचना देता देताच झोपी जायचे. झोपेत त्यांचा डावा पाय हळूच पुढे व्हायचा, थांबायचा, मागे यायचा. ते स्वप्नात गिअर बदलत होते. मी ते बघत राहायचे. मला त्या वेळी अण्णांबद्दल इतकं प्रेम वाटायचं की हातातला पाना तसाच राहायचा.

केबिन खाली उतरवायची म्हणजे आधी चेसीवर तिच्या बोल्टची भोकं पाडायला हवीत, आणि भोकं पाडायची म्हणजे माप. मी टेप धरला. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत एक कर्ण, पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरा. दोन्ही सारखे यायला हवेत. अठरा मिलिमीटरचा फरक आला. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मिस्त्रींनी गुडघे टेकून डाव्या बाजूच्या पुढच्या टोकावरचा काळा रंग खरवडला. आत वेल्डिंगची एक जुनी शिवण निघाली.

"चेसी तिरछी है बेटा," ते म्हणाले. "सामने से मार खाई हुई है. किसी ने गरम करके सीधी करने की कोशिश करी, हुई नहीं."

अण्णा सीटवर जागेच होते. मी विचारलं, "अण्णा, ही कुठं धडकली होती?"

"धडकंल कशाला? कालव्याचे रस्ते काय कमी खराब व्हते? खड्ड्यानं वाकली असंल."

"खड्ड्याने वाकली तर वर-खाली वाकेल. ही मागे दाबली गेलीय."

"तू आता मला मोजती का?" अण्णांचा आवाज चढला.

मी गप्प बसायला हवं होतं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला, टेप समोर होता. मी म्हणाले, "खाई त्याला खवखवे." माझ्या वडलांना म्हणाले, परक्या माणसासमोर. अण्णा उठले, चपला शोधल्या, त्या सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी तापलेल्या मुरमावरून घरात गेले.

पुढचे दोन रविवार ते बाहेर आले नाहीत. सीट सावलीत रिकामीच. मी रागावले होते आणि त्याहून जास्त घाबरले होते. कारण अपघात लपवला म्हणजे नुसता पत्रा लपवला असं थोडंच असतं? दुपारी गोणपाटावर डोळा लागला की मला कालव्याचा रस्ता दिसायचा. दोन्हीकडे बाभळी, पाणी संथ, आणि रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली सायकल, तिचं मागचं चाक अजून फिरतंय. सायकलवाला कुठं दिसायचा नाही. मी दचकून उठायचे. भिंतीवरचं प्रमाणपत्र दारातून दिसायचं, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही. कुणाला उडवून हा माणूस घरी येऊन जेवला असेल का? मला मांडीवर घेऊन? ज्यांच्या जिवावर मी जगाला खरं-खोटं सुनावत आले, तेच असे निघाले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

मिस्त्रींनी उपाय सांगितला. शहरात एकाकडे यंत्र आहे. चेसी त्यात अडकवून ओढली की सरळ होते. मी टेम्पो ठरवला. सोमवारची सुट्टी टाकली आणि रविवारी संध्याकाळीच माळावर मुक्कामाला गेले.

सोमवारी सकाळी माय चहा घेऊन बाहेर आली. टेम्पोला अजून वेळ होता. तिने कप माझ्या हातात दिला, चेसीपाशी गेली आणि न शोधता नेमका त्या शिवणीवर हात ठेवला.

"नेऊ नको ही," ती म्हणाली.

"माय, वाकडी आहे ती."

"मला म्हाइतेय. मीच वाकडी केलीय."

मला काही कळेना. माझी माय. जिने आयुष्यात सायकलसुद्धा हातात धरलेली मी पाहिली नाही. ती विटांच्या खांबाला टेकून बसली आणि सांगू लागली, चेसीकडे बघत, जणू मी तिथं नव्हतेच.

मी चार वर्षांची असताना कालव्याच्या तपासणीला एक बाई अधिकारी आल्या होत्या. स्वतः गाडी चालवत. ड्रायव्हर शेजारी बसलेला. माय क्वार्टरच्या दारात कपडे वाळत घालत होती. "हातातलं पातळ तसंच राह्यलं माझ्या," ती म्हणाली. मग आठ दिवस तिने अण्णांचं डोकं खाल्लं. तेव्हा एका रविवारी अण्णांनी मला शेजाऱ्यांकडे ठेवलं, सरकारी जीप काढली आणि मायला कालव्याच्या रस्त्यावर नेऊन स्टेअरिंगवर बसवलं. असे चार रविवार.

"पाण्याच्या कडंनं जाताना असं वाटायचं बघ, गाडी एकाच जागी उभी हाय आन पाणीच आपलं मागं चाललंय. मी पार दुसऱ्या गिअरपस्तोर गेले व्हते. पाचव्या रविवारी म्हैस आडवी आली. म्या डावीकडं वळवली. ब्रेक दाबायचा त्यो ऱ्हायला, दुसरंच दाबलं. मैलाच्या दगडावर गेली."

तिने हनुवटी वर केली. तिच्या हनुवटीखाली एक व्रण आहे. न्हाणीत पाय घसरून पडले, असं तिने मला सांगितलेलं होतं. मी ते कधी तपासलं नव्हतं.

"तुझ्या बापानं आधी माझी हनुवटी बघितली, मग गाडी. पैठणातल्या एका डेंटरनं दिवसभरात पत्रा सरळ करून रंग मारून दिला. सोमवारी गाडी हापिसात उभी. कुणाला कळलं नाय. कळलं असतं तर नोकरी गेली असती. आधीच आपल्या माणसाला सरकारी नोकरी लागली, हेच लोकांच्या लई डोळ्यावर आलं व्हतं."

चहा गार झाला होता. मला स्वतःची लाज वाटत होती, इतकी की मान वर करवेना. पंधरा दिवस मी एका सायकलवाल्याला रोज मारत होते, अण्णांच्या हातून.

अण्णा दारात उभे होते. कधीपासून ते कळलं नाही.

"मला सांगायचं ना," मी म्हणाले. "मी वाट्टेल ते बोलले. तरी गप्प राहिलात."

"ती गोष्ट हिची व्हती," अण्णा म्हणाले. "माझी असती तर सांगितली असती."

मग ते मायकडे वळले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "तू लई भ्याली व्हतीस त्या दिवशी. म्हणून म्या पुन्हा इषय काढला नाय."

"मी कुठं भ्याले?" माय म्हणाली. "मी वाट बघत व्हते, तुम्ही पुन्हा कवा म्हणता ते."

वरती केबिन फिरून टेकडीकडे तोंड करून थांबली होती. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला. तेवढी वर्षं एकाच घरात, एकाच ताटलीतला पापड मोडून खात, हा तिला जपत होता आणि ती याची वाट बघत होती.

टेम्पोवाल्याला मी फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात मी असं काम केलं की कारखान्यात कुणी केलं असतं तर मी त्याला दारातच थांबवलं असतं. केबिनच्या पायांतली बोल्टची गोल भोकं कानशीने घासून लांबट केली. कुठं पाच, कुठं दहा, डाव्या पुढच्या पायाला पुरी अठरा मिलिमीटर. मिस्त्री हसले. "ऐसा पास करते क्या तुम?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, हे पास आहे. साखळी सैल करत केबिन खाली आणली आणि ती बसली. समोरून निरखून बघितलं तर डावं चाक जरासं मागे दिसतं. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं.

गाडी चालू झाली त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. माळावर पिवळट उजेड पसरला होता, झोपेतून उठल्यावर क्षणभर दिसतो तसा. रंग नव्हता मारलेला. केबिन पांढरी, हौदा प्रायमरच्या तांबड्या रंगाचा. इंजिन सुरू करून अण्णा खाली उतरले, पुढून वळसा घालून डाव्या दाराशी गेले आणि एका हाताने दार धरून चढले. उजवीकडचं दार उघडंच होतं. माय घराच्या पायरीवर उभी.

"काय बघतीस?" अण्णा आतून म्हणाले. "म्हणतोय ना आता. बस."

मायने पदर खोचला. आधी चप्पल काढून बाजूला ठेवली, जशी विहाराच्या दारात काढते तशी, आणि चढली. मी पळत जाऊन हौद्यात उभी राहिले, केबिनचा टप धरून. गाडीने एक हिसका दिला, बंद पडली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा हिसका, आणि मग ती चालायला लागली, नाल्याच्या दिशेने, मुरूम चाकांखाली कुरकुरत. मागची काच अजून बसवायची होती, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं. मग अण्णांनी घसा खाकरला. ते दुसरा गिअर टाक म्हणणार होते. ते म्हणायच्या आत तिने तो टाकला होता.