आठ दिवसांचा हलका आहार

आईचा फोन आला तेव्हा मी आमच्या शहरातल्या गोहलपूर वस्तीत एका घरात एका वृद्ध बाईंच्या पोटरीभोवती टेप गुंडाळून माप वाचत होते. पोषणशास्त्राच्या प्रबंधासाठी मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे स्नायू मोजते. "आबा गेले," आई म्हणाली. मी माप वहीत लिहिलं आणि मग टेप सोडला. बाईंनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" मी म्हणाले, "कुछ नहीं, दादी." ...माझं असंच होतं. जे बोलायला हवं ते आतच राहतं.

आबा माझे आजोबा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी सायकलने ग्वारीघाटला जात, पायऱ्या उतरून नर्मदेच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहत आणि परत येऊन दोन भाकऱ्या, मटकीची उसळ आणि वाटीभर दही खात. दही ते स्वतः लावत. आजी गेली तेव्हा तिच्या दह्याच्या मातीच्या सटात उरलेलं विरजण त्यांनी कधी तुटू दिलं नाही. दूध पुरेसं कोमट झालं की नाही ते करंगळी बुडवून बघत आणि म्हणत, "फिटरचं बोट आहे बेटा, चुकत नाही."

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कागदावर औषधांच्या खाली लिहिलेलं होतं : आठ दिवस हलका आहार. आईने तो कागद फ्रिजवर लावला. आठ दिवस झाले, महिना झाला, कागद तिथेच राहिला. आई घाबरलेली होती. उसळीने वायू होईल, दह्याने कफ होईल, भाकरी पचणार नाही... मग मऊ भात आणि वरणाचं पाणी, दोन्ही वेळा. आबा संध्याकाळी दही लावत, ते बाकीचे आम्ही खात असू.

"काहून सुनबाई, बारसं जेवायचं राहिलं का माझं? बाळाचा भात देऊन राहिली."

"बाबा, कागदावर लिहिलंय ना."

"अच्छा. कागदावर आहे तर मग ठीक."

ते थट्टेत म्हणाले नव्हते. कारखान्यात ड्रॉइंगवर लिहिलेल्या मापाशी वाद घालायचा नाही, अशा शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या ड्रॉइंगची मुदत संपली आहे, हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणजे, मी होते. त्याच वर्षी मी हेच शिकत होते. उतारवयात स्नायू आपोआप झिजतात, आजारपणात अधिक वेगाने. तेव्हा डाळी, दूध, दही कमी नाही, जास्त लागतं, आणि थोडं चालणंही. आतड्यातले जिवाणू धान्याच्या कोंड्यावर, कडधान्यांच्या सालींवर जगतात, आणि जड औषधांनी त्यांतले बरेच आधीच गेलेले असतात. त्यांचा स्नायूंशी नेमका काय संबंध, हे अजून शोधलं जात आहे. पण नुसत्या भातावर म्हातारं शरीर टिकत नाही, एवढं तर ठाऊक होतं. सगळं मला इंग्रजीत ठाऊक होतं. एकदा मी सुरुवात केली, "आई, आबांना प्रोटीन..." ती म्हणाली, "आता तू शिकवशील मला? चलो, ताटं घे." मी ताटं घेतली.

गेल्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर मुठीची ताकद मोजायचं यंत्र आबांना दिसलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि सगळा जीव लावून दाबलं. काटा जिथे थांबला, तिथे मी इतर कुणाच्याही नावापुढे धोक्याची खूण केली असती.

"मापात आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो आबा, आहे."

ते इतके खूश झाले की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली. दुसऱ्या सकाळी कपडे करून ते दारात उभे. "चल, घाटावर. मोजून झालंय आता." मी त्यांना नेलं. चौथ्या पायरीवर गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही. दोन नावाडी धावत आले. ऑटोत ते विव्हळले नाहीत, फक्त एकदा विचारलं, "आकडा तर बरोबर होता ना?" मी त्यांचा हात धरून बाहेर बघत राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अंथरुणात उरलंसुरलं मांसही सहा आठवड्यांत गेलं. त्यांना कूस बदलवताना माझ्या एका मुठीत त्यांची पोटरी मावायची. डॉक्टरांनी विचारलं, "हे खात काय होते?" तेव्हापासून आई स्वतःला दोष देते. तेराव्याला तिने त्यांच्या नावाच्या पानावर भाकरी वाढली, उसळ वाढली, दही वाढलं आणि म्हणाली, "मीच मारलं ग त्यांना, भात भरवून भरवून." मी तिच्या हातातली वाटी घेतली. यंत्राचं तेव्हाही बोलले नाही.

फ्रिजवरचा कागद तिने काढलेला नाही. दही आता मी लावते. घरात थर्मामीटर आहे, पण मी करंगळीच बुडवते. काल सट झाकताना आई मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, "तुझं दही त्यांच्यासारखंच लागतं." नागपूरहून येणारी ही पुरवणी ती दुपारच्या जेवणानंतर वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. हे छापून येईल त्या दिवशी मी घरीच थांबणार आहे.