नदीतली वाळू नदीतच

पूर्वेकडच्या एका मोठ्या नदीवर बंदर नवं करायचं काम चालू आहे, त्यावर मी इंजिनिअर आहे. जुना धक्का पाडून नवा बांधायचा आणि मोठी जहाजं लागावीत म्हणून नदीचं पात्र खोल करायचं. आमच्या बीड जिल्ह्यात हे कुणाला सांगायची सोय नाही. नदीवर नोकरी म्हटलं की वाळूचोरीच समजून माणसं एकमेकांकडे बघून हसतात.

मागच्या सुट्टीत वडील आणि मी तेलगावहून कड्याला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडिलांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. पोहे संपायच्या आत त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"पात्र खोल करता म्हंजे वाळूच काढता ना?"

"हो."

"मग ती जाती कुठं?"

"पाईपनं लांब नेऊन परत नदीतच सोडतो."

त्यांनी हसून माझ्या वडिलांच्या मांडीवर थाप मारली. "पोरगं लई हुशार हाय, पाव्हणं. आमच्यासमोर बी तोंड उघडंना." आणि अजून पोहे आणायला सांगितले. माझं डोकंच फिरलं. चोर समजून जावई करून घ्यायला निघालेली माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो. पण मुलगी मला मनापासून आवडली होती. शाळेत शिकवणारी, सरळ डोळ्यांत बघून बोलणारी. म्हणून राग गिळला.

आम्हा दोघांना बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"खरं सांगा. वाळू विकता?"

"टोपलंभरसुद्धा नाही."

"माझ्या ताईला वाळूवाल्याच्या घरात दिलीय. दारात गाडी थांबली की पोलीस आले समजून ती आधी खिडकीतून बघते. बघायला आले तेव्हा दाजीही असंच 'वाळू विकत नाही' म्हणाले होते."

"एकदा येऊन काम बघा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, ते मलाही कळत होतं.

"बघून काय कळणार? माझ्यासमोर तुम्ही नदीतच सोडाल."

आत जाऊन तिनं सगळ्यांसमोर नकार दिला. तिचे वडील तिच्यावर चिडले, पण ती हलली नाही.

परतीच्या एसटीत वडील खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, नकार मनाला लागला असेल. मग त्यांनी मागंपुढं बघितलं आणि माझ्या कानाशी आले.

"तिला न्हाई सांगितलंस, बरं केलंस. मला तर सांगशील? वाळू कुणाला देतोस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कौतुक होतं.