चुलीवरून दिसणारं पाणी

आमच्या साडभाऊंइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बरं, मरायचे तेही भर दुपारी, स्वतःच्याच सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, आणि मरून झालं की टॉवेलने डोकं पुसत चहा मागायचे. त्यांच्या बहुतेक मरणांना मी हजर होतो. त्यातली काही माझ्याच हलगर्जीपणामुळे झाली, असं ते आजही चारचौघांत सांगतात.

नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी उमर वरठीला एका कारखान्यात नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झालेला माणूस गावी करडीला येऊन धान पाहील, नातवंडं खेळवील. यांनी घरामागे स्विमिंग पूल बांधला आणि गावातल्या पोरांना धरून धरून पोहायला शिकवू लागले. गावाभोवती बोड्या, म्हणजे धानाला पाणी देणारी लहान तळी, भरपूर. लोक विचारायचे, "एवढ्या बोड्या असून हे टाकं कायले पायजे जी?" त्यावर ते म्हणायचे, "बोडीचा तळ दिसत नाही." तेवढ्यावर लोक गप्प व्हायचे, कारण गावाला सारं ठाऊक होतं. साडभाऊ लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ घरामागच्या बोडीत बुडाला. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. त्यांची आई, जिला आम्ही सगळेच माय म्हणतो, रोवायला आलेल्या बायांसाठी अंगणात भात रांधत होती. हंडा उतरवायला ती वळली, आणि पुन्हा तोंड फिरवलं तेव्हा पाणी सपाट होतं. त्या दिवसापासून माय चुलीपुढे बसली नाही. आधी सासूने रांधलं, मग जावेने, मग सुनेने. माय मागच्या दाराशी बसून पाणी पाहत राहिली. आता ती फार थकली होती आणि साडभाऊंनी एकच ध्यास घेतला होता. माय जायच्या आधी तिने एकदा तरी चूल पेटवावी, आणि ती चूल अशी असावी की रांधताना पाण्याकडे पाठ व्हायलाच नको.

मग काय, पूलशेजारी उघड्यावरचं स्वयंपाकघर आखायला घेतलं. आयुष्यभर कागदावर नकाशे काढूनही कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांनी जमिनीवर चुन्याने खऱ्या मापाच्या रेघा मारल्या. इथे चूल, इथे ओटा, इथे मोरी, इथे दार. आणि पुढचे कित्येक महिने ते त्या रेघांत राहायला गेले. नसलेलं कपाट उघडायचे, नसलेल्या फळीखाली डोकं वाकवायचे. मी एकदा सरळ चालत आत गेलो तर केवढ्याने ओरडले, "भिंतीतून काहून येऊन राहिले जी? दार तिकडं हाये!" मी हसलो, पण दोन-चार खेपांनंतर मीही मुकाट वळसा घालून दारातून जाऊ लागलो, आणि एकदा तर त्या नसलेल्या भिंतीला खांदा घासल्यासारखा वाटून दचकलो. ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "माह्या खऱ्या स्वयंपाकघरात या माणसानं कधी पाय टाकला नाही, अन् चुन्याच्या घरात दिवसभर राह्यते!"

आराखडा पास व्हायचा तो मात्र मरणाने. साडभाऊ मला चुन्याच्या चुलीपुढे उभं करायचे, हातात झारा द्यायचे आणि सांगायचे, "तुमी मन लावून भजे तळा. मी बुडतो." मग बनियनसकट, आवाज न करता पाण्यात उतरायचे. बुडणारा माणूस ओरडत नाही, हातपाय झाडत नाही, गुपचूप जातो, असं त्यांचं ठाम मत. ते त्यांनी कुठे पाहिलं होतं हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी हवेतली भजी उलटवत एक डोळा पाण्यावर ठेवायचो, आणि तरी चुकायचंच. जरा खाली वाकावं, मान वर करावी, तर पाणी सपाट. एक लाट नाही. झाडावरची पाखरंसुद्धा नेमकी तेव्हाच गप्प. सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही मी झारा टाकून काठाकडे धावायचो. मग पलीकडच्या काठाशी त्यांचं डोकं वर निघायचं. "मेलो ना मी! तुमी भजे पाहून राहिले, अन् मी मेलो!" लगेच ओल्या पायाने एक रेघ पुसली जायची आणि चूल वीतभर सरकायची.

एवढ्यानेही भागेना, म्हणून ओट्याच्या रेघेमागे बांबू रोवून त्यांनी लखलखीत घासलेला स्टीलचा पत्रा लावला. चुकून कोणाची पाठ झालीच, तर त्यात पाणी दिसावं. तो पत्रा मला कधी आवडला नाही. पोरं घरी गेलेली असायची, वाऱ्याचं नाव नसायचं, आणि पत्र्यातलं पाणी मात्र डुचमळत असायचं. "पत्रा वाकडा हाये," साडभाऊ सांगायचे, पण स्वतःही त्याच्याकडे फार वेळ पाहायचे नाहीत. त्यात माय. ती खाटेवर बसून पोहणारी पोरं मोजायची, आणि तिच्या मोजणीत रोज एक पोरगं जास्त भरायचं. मी एकदा तिची चूक सांगायला गेलो, तर साडभाऊंनी माझा हात दाबला. "राहू द्या. तिले बरोबर दिसते."

शेवटी स्वयंपाकघर खरोखर उभं राहिलं. मायसाठी वेगळी ठेंगणी चूल, समोर थेट पाणी, मध्ये खांबसुद्धा नाही. पोरं पाण्यात होती, आम्ही काठावर. साडभाऊंनी मायला धरून आणलं. त्यांनी पाट मांडला. माय चुलीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने वाकून पाट उचलला, चुलीच्या अलीकडच्या अंगाला ठेवला आणि पाण्याकडे पाठ करून बसली.

साडभाऊ अगदी रडकुंडीला आले. "माय, तिकडून बस ना वं. तिकडून पाणी दिसते."

"पाणी लय पाह्यलं रे बाबू," काडी ओढत माय म्हणाली. "आता मले भात पाहू दे. पाणी तू पाह्य."

साडभाऊ काठावर जाऊन बसले, पाण्याकडे तोंड करून. एवढी मापं घेतली, एवढ्या वेळा मेले, पण माय पाणी पाहून पाहून थकली असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं. त्यांची ती वाकलेली पाठ पाहून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मागे मायच्या बांगड्या वाजत होत्या, भाताचा वास सुटला होता, आणि ताई तोंडाला पदर लावून उगाच चटणी वाटत होत्या.

भात झाला. मायने हाक मारली, "चला रे पोट्टेहो, निघा बाहेर. भात निवते." पोरं धडाधड बाहेर आली. साडभाऊ सगळ्यांच्या शेवटी उठले, क्षणभर घुटमळले आणि पाण्याकडे पाठ फिरवून पंगतीत येऊन बसले. तेवढ्यात मागे, रिकाम्या पाण्यात, कोणीतरी काठाला धरून वर चढावं तसा आवाज झाला. साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. माय शांतपणे वाढत होती. आमच्यापैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही.