फ्रिज, सोफा आणि आजोबांचा कान

प्रिय मुलांनो,

ताईच्या लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापावं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मी 'छापा' म्हटलं आणि तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी आलं. कारण सांगायचं राहिलं. ते फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून लिहून कळवते आहे.

माझं लग्न सत्तरच्या दशकातलं. इंग्रजी घेऊन मी बी. ए. झाले होते आणि पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळा मला मनापासून आवडायची. तुमचे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. स्थळ सगळ्यांना पसंत पडलं, मलाही. फक्त माझ्या नोकरीचा विषय निघाला की होणाऱ्या सासूबाई पदर सावरत "बघू पुढे" म्हणायच्या. "मी बोलतो आईशी," असं आजोबा मला सांगायचे. लग्नाचा दिवस उजाडला तरी त्यांचं बोलणं व्हायचंच होतं.

आमच्याकडे तेव्हा आहेर लाउडस्पीकरवरून पुकारत. कुणी काय दिलं ते सगळ्या मांडवाला, आणि वारा असला तर पलीकडच्या गल्लीलाही कळायचं. माझी आत्या गंगापूर रोडला राहायची, तिचे यजमान बांधकामाची कंत्राटं घेत. तिनं सोफासेट आणि लोखंडी कपाट दिलं. पुकारा झाला तसा आत्यानं चारी बाजूंना नजर फिरवली. तेवढ्यात मामाचा ट्रॅक्टर मांडवाच्या दारात येऊन थांबला. मामाची द्राक्षबाग होती आणि त्या वर्षी ती झकास पिकली होती. ट्रॉलीत झेंडूचा हार घातलेला फ्रिज उभा होता.

पुकारणाऱ्याच्या हातातला माइक मामानंच घेतला. "भाचीला फ्रिज दिलाय. आतली द्राक्षं आपल्या बागेतली हायेत. पाहुण्यांनी चव बघितल्याशिवाय जायचं नाय."

"द्राक्षं संपल्यावर त्यात काय ठेवायचं, तेही सांगा," आत्या म्हणाली. "सोफ्यावर निदान बसता तरी येतं." मग तिनं स्वतःच्या हातातल्या पाटल्या उतरवून माझ्या हातात चढवल्या आणि त्याही पुकारायला लावल्या. मामानं लगेच फ्रिजच्या मागून शिलाई मशीन काढलं.

इथपर्यंत मला मजा वाटत होती. पण सासूबाई त्या ढिगाकडे समाधानानं बघत माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, घर भरून दिलंत. आता सुनेला नोकरीची गरजच काय उरली?"

माझं हसू मावळलं. पुढचा प्रत्येक आहेर मला शाळेपासून एकेक वर्ग लांब नेत होता. मिक्सर पुकारला तेव्हा तर माझे डोळे भरून आले. मिक्सर मिळाला म्हणून रडणारी नवरी त्या मांडवानं पहिल्यांदाच पाहिली असेल. माझा थोरला भाऊ लाह्यांचं सूप घेऊन शेजारीच उभा होता. सासूबाईंचं वाक्य त्यानंही ऐकलं होतं.

लाह्यांचा होम झाला की नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, अशी ती तंबी असते. मग मुलाकडचे त्याला मानाचं काहीतरी देतात आणि तो कान सोडतो. भाऊ रोज तालमीत जाणारा. त्यानं आजोबांचा कान धरला. सासूबाईंनी सुटाचं कापड पुढे केलं आणि तेही पुकारलं गेलं. भाऊ कान सोडेना. सासूबाईंनी वर अंगठी ठेवली. तरी सोडेना.

"भाच्याचा मान एवढाच व्हय?" खालून मामा म्हणाला.

ते सासूबाईंना झोंबलं. सकाळपासून लाउडस्पीकरवर आमच्याच माणसांचे आहेर गाजत होते. त्यांनी माइक मागून घेतला. "मुलाकडचेही काही कमी नाहीत. माग काय हवं ते."

"मावशी, माझ्या बहिणीची शाळा सुटायला नको," भाऊ म्हणाला. "एवढंच द्या."

आजोबा वाकलेले, कान लालबुंद. त्याच अवस्थेत ते म्हणाले, "आई, देऊन टाक. कान माझा आहे."

सासूबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हातातल्या माइककडे. "दिली," त्या म्हणाल्या.

पुकारणारा मनुष्य कामाला पक्का. त्यानं माइक परत घेऊन नेहमीच्या सुरात सांगून टाकलं, "नवरदेवाच्या मातोश्रींकडून नवरीला शाळेची नोकरी." टाळ्या पडल्या आणि सासूबाईंनाही हसू आवरेना. भावानं कान सोडला, पण कापड आणि अंगठीला हात लावला नाही. "माझा मान मिळाला," म्हणाला.

मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ओझरहून पहाटेची बस पकडायची असली की सासूबाई डबा भरून द्यायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "हिची नोकरी मी दिलेली आहे."

तेव्हा पत्रिकेवर आहेर नको हे जरूर छापा. कानपिळी मात्र वगळू नका.

सोफा केव्हाच मोडला, फ्रिज भंगारात गेला. अंगठी सासूबाईंनी नंतर माझ्याच बोटात घातली, ती आहे. आत्याचं कपाट आहे, आणि त्याच्या वरच्या कप्प्यात ते सुटाचं कापड, अजून न शिवलेलं.