आईनं घुसळलेलं क्लॉटेड क्रीम

परदेशात असताना बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी चार वाजता चहा व्हायचा आणि त्या चहाबरोबर स्कोन म्हणजे छोटे खुसखुशीत गोल पाव, काकडीची सँडविचेस आणि लिंबाचा केक असायचा, हे आता सांगताना माझं मलाच हसू येतं. पुण्यात आमच्याकडे चहाबरोबर फार तर खारी, नाहीतर टोस्ट. पण दोन हजार चौदाच्या सुमारास मला हे खूळ लागलं आणि तीनेक वर्षं टिकलं. आठवडाभर तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर डोकं फोडायचं आणि रविवारी पिठात हात घालायचे. बायको म्हणायची, "दोन पोळ्या लाट म्हटलं की तुझी पाठ धरते, आणि हे बरं जमतं!" तिचं खरंच होतं. पोळ्यांचं कौतुक करायला कोणी येत नाही, स्कोनचं करायला येतात.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहणाऱ्या एका चिनी आंटींनी. तिथं वयानं मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, त्यामुळे आम्हीही म्हणायचो. त्या निवृत्त नर्स होत्या. तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडला जाऊन तीन-चार वर्षं राहिल्या होत्या आणि तिथून येताना दुपारच्या चहाची सवय घेऊन आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं ऑस्ट्रेलियात. एकदा त्यांनी आमच्या मुलीच्या हातात चार स्कोन दिले. ते खाऊन मी ताबडतोब त्यांच्या दारात हजर झालो आणि शिकवा म्हणालो.

माझे पहिले स्कोन दगड झाले. कारण मी लहानपणापासून आईला कणीक मळताना बघितलेलं, त्यामुळे पीठ समोर आलं की ते चांगलं तिंबायचं एवढंच मला माहीत. आंटी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तू त्याला मारतो आहेस की काय?" स्कोनच्या पिठाला फक्त गोळा होईल इतकाच हात लावायचा, हे मला चौथ्या वेळी जमलं. कापायला माझ्याकडे साचा नव्हता. मी आमटीची वाटी घेतली. वाटी सरळ खाली दाबायची, फिरवायची नाही, फिरवली की स्कोन एका बाजूला कलतो, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. रविवारी त्या आमच्याकडे यायच्या, एक स्कोन उकलून बघायच्या आणि परीक्षकासारख्या मान हलवायच्या. मला ऑफिसातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ती मान हलवणं जास्त आवडायचं.

त्याच काळात बाबा गेले. मी एकुलता एक. वर्ष झाल्यावर आईला दोन महिन्यांसाठी घेऊन आलो. दोन महिने हे तिला सांगायला. माझ्या मनात ती कायमची राहावी असंच होतं. तिला तिथे राहता यावं म्हणून लागणाऱ्या लाँग टर्म पासाचे कागद मी ऑफिसातून छापून आणून कपाटात ठेवले होते, फक्त तिची सही हवी होती. विषय काढला की ती म्हणायची, "बघू रे, आधी करमतंय का ते तरी बघू दे."

तिला करमत नव्हतं. बायको सकाळी बुओना व्हिस्टाला ऑफिसला जायची, मी तांजोंग पगारला, मुलगी शाळेत. आई तेराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी. पुण्यात तिचा दिवस दूधवाल्यापासून सुरू व्हायचा आणि शेजारणींच्या कट्ट्यावर संपायचा. इथे बोलायला भिंती. मुलगी शाळेतून आली की आई उत्साहानं विचारायची, "काय शिकवलं आज?" आणि आमची आठ वर्षांची कन्या सॉक्स काढता काढता तिथल्या बोलीत उत्तर द्यायची, "सेम सेम lah, आजी." आई हसायची. पण एकदा मला म्हणाली, "इथल्या दुधालासुद्धा साय धरत नाही रे. तापवून तापवून बघितलं." मी म्हटलं, "पिशवीतलं नाही आई हे, डब्यातलं आहे, त्याला नाही येत." साय साठवायची, विरजण लावायचं, लोणी काढायचं, तूप कढवायचं, हे तिनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं केलं होतं. आमच्या घरात तिच्या हातांना कामच नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला कळलं ते एवढंच, की तिला मैत्रीण हवी. आणि मैत्रीण दोन दारांवर तयार होती. दोघींचे नवरे गेलेले, दोघींना दुपार खायला उठायची. भाषेचं काय करायचं ते मुलगी बघेल. म्हणून मी ठरवलं, एका रविवारी आंटींना अगदी साग्रसंगीत चहाला बोलवायचं आणि आईशी गाठ घालून द्यायची. एकदा हिचं तिथे सूत जमलं की कागदावर सही आलीच, असा माझा हिशेब.

आंटींनी शनिवारी त्यांचं तीन मजली स्टँड आणून दिलं. खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर गोड, आणि खायला सुरुवात खालून करायची. आईनं ते सगळ्या बाजूंनी निरखलं आणि म्हणाली, "म्हणजे पाहुण्यांनी आपलं आपण उचलून घ्यायचं? आपण वाढायचं नाही?" मी नाही म्हटल्यावर तिला ते मुळीच पटलं नाही. ब्रेडच्या कडा कापून टाकतात म्हटल्यावर तर तिनं त्या कडांचा फोडणीचा पाव करायचा हे आधीच जाहीर करून टाकलं. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसत होती.

या सगळ्यात माझा जीव अडकला होता क्लॉटेड क्रीममध्ये. स्कोनवर जॅम आणि हे घट्ट क्रीम लागतंच. आंटींनी सांगितलं होतं, इंग्लंडमध्ये मिळायचं तसं इथे कुठे मिळत नाही. मग मी ते घरी करायचं मनावर घेतलं. शुक्रवारी सुट्टी होती. काचेच्या ट्रेमध्ये क्रीम ओतून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर ठेवलं. दर तासाला काचेतून डोकावून बघत होतो. वर पिवळसर पापुद्रा धरला, तेव्हा मुलीला बोलावून दाखवला. गार करून ट्रे फ्रिजमध्ये ठेवला. आई त्या वेळी खोलीत आडवी झाली होती; दिवसभर ओव्हन चालू बघून तिला केकच वाटला असणार. तिला सांगायचं राहून गेलं.

शनिवारी संध्याकाळी बायकोच्या ऑफिसातल्या एकांकडे वाढदिवस होता. आई म्हणाली, "मी नाही येत, पाय दुखतायत, तुम्ही जा." आम्ही परत आलो ते थेट झोपलो. रविवारी सकाळी मी खाली जाऊन ताजा ब्रेड आणि काकड्या घेऊन आलो, तर स्वयंपाकघरातून आईचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. बाबा गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

ओट्यावर पातेल्यात गार पाणी, त्यात पांढराशुभ्र लोण्याचा गोळा. शेजारी ताकाचे चार ग्लास भरून ठेवलेले. काचेचा ट्रे घासून पालथा घातलेला.

"आलास? घे, ताक घे," आई म्हणाली. "अरे, एवढी साय नुसती पडली होती फ्रिजमध्ये! सूनबाईला वेळ होत नसेल, म्हणून मीच काल संध्याकाळी विरजण लावून ठेवलं. किती छान लोणी आलंय बघ."

मी तसा तापट. पण आईवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"आई, ती साय नव्हती! दहा तास लागले होते मला त्याला. चार वाजता माणसं येतायत, आता काय देऊ त्यांना? तुला सांगितलं होतं का कोणी? माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कशाला हात लावत जाऊ नकोस!"

बायको आतून धावत आली. आईनं पदराला हात पुसले. "बरं," म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "हे ताक ठेवू का फ्रिजमध्ये?"

मी पाठ फिरवून काकड्या सोलायला घेतल्या.

चार वाजता आंटी आल्या. त्यांनी फुलाफुलांचा झगा घातला होता आणि केस नीट बसवले होते. आई इस्त्रीची साडी नेसून सोफ्याच्या कडेला बसली होती, हात मांडीवर. एरवी आमच्याकडे पाहुणा आला की आई त्याला दोनदा नको म्हणू द्यायची आणि तिसऱ्यांदा पानात वाढून मोकळी व्हायची. त्या दिवशी तिनं आंटींना एकदाही घ्या म्हटलं नाही. मी नाइलाजानं वाटीत ते लोणी काढून ठेवलं होतं. आंटींनी गरम स्कोन उकलला, जॅम लावला, वर लोणी घातलं, खाल्लं आणि डोळे मिटून घेतले. "हे कुठून आणलंस?"

"आजी मेड इट," मुलगी म्हणाली.

आंटींनी आईकडे वळून हातानंच विचारलं, कसं? आईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर मग तिनं दोन्ही हातांनी रवी फिरवून दाखवली. आंटी इतक्या हसल्या की त्यांचा चहा बशीत सांडला. त्यांनी आणखी एक स्कोन घेतला, मग आणखी एक. निघताना आईचा हात हातात धरून बराच वेळ काहीतरी चिनीत बोलत राहिल्या. आईनंही मराठीत उत्तरं दिली. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं गेलं विसरली.

आणि मैत्री खरंच जमली. रोज दुपारी दोघी खाली, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बाकावर बसायच्या. आंटी तिला सोललेलं पपनस द्यायच्या, आई त्यांना लाडू. एकीनं चिनीत बोलायचं, दुसरीनं मराठीत. मुलगी सांगायची, "दे डोंट नीड मी lah." ते दिवस फार छान होते. ऑफिसातून येताना दुरून बाकावर आईचं पांढरं आणि आंटींचं काळं करून घेतलेलं अशी दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली दिसली की माझी पावलं भराभर पडायची.

पण घरात आई विचारायला लागली. दूध तापवू का रे? फ्रिज उघडते हं, कोथिंबीर घेऊ ना? हा कुकर लावला तर चालेल? टीव्ही लावू का? मला वाटलं, सवय असेल. एके दिवशी बायको म्हणाली, "त्या प्रत्येक गोष्ट विचारून करतात. पाणी घेतानाही परवा विचारलं. तुझ्या लक्षात आलंय का?" त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना.

मी आईजवळ जाऊन बसलो. "अगं, विचारतेस काय सारखी?"

"तुमच्या पद्धती वेगळ्या असतात," ती अगदी साधेपणानं म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता. "आपल्याकडून काही बिघडायला नको."

तेव्हा मी तिचे पाय धरून माफी मागायला हवी होती. मी कपाटातून कागद काढले आणि पेन पुढे केलं. तिनं चष्मा लावून सगळी पानं चाळली, नीट जुळवून परत माझ्या हातात दिली. "मला तिकडेच बरं पडेल रे," म्हणाली. "घर बंद राहिलं की वाळवी लागते." मी पुष्कळ समजावलं. आंटींचं नाव घेतलं, नातीचं घेतलं. ती फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोन महिने संपले तशी ती गेली. आंटी कितीतरी दिवस विचारायच्या, तुझी आई परत कधी येणार? मी म्हणायचो, येईल. ती पुन्हा आली नाही. मी स्कोन करत राहिलो, पण क्लॉटेड क्रीम परत केलं नाही.

पुढच्या वर्षी मी पंधरा दिवसांच्या रजेवर पुण्याला गेलो. दुपारची वेळ होती. आई गुडघ्यांना तेल लावून पलंगावर बसली होती. मी म्हटलं, "तू उठू नकोस, आजचा चहा मी टाकतो." स्वयंपाकघरात गेलो तर तिनं मांडणीवरचे सगळे डबे इकडचे तिकडे केलेले. मी एकावर हात ठेवला आणि तिथूनच ओरडलो, "आई, साखर यातली घेऊ का?"

"अरे, विचारतोस काय वेड्यासारखं," ती आतून हसत म्हणाली. "तुझंच घर आहे ना हे."